रोमची लक्ष्मी फॉरवर्ड करणाऱ्यांनो, तेरला कधी गेलात?

गेल्या आठवड्यात एकच फोटो मला अकरा जणांनी पाठवला. त्यात दोन माजी नगरसेवक, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक खताचे दुकानदार आणि माझा सख्खा मावसभाऊ. फोटोत हस्तिदंताची एक बाई. अंगावर दागिने भरपूर, कपडे जवळजवळ नाहीतच, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. आणि खाली मजकूर असा: "दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये घरोघरी महालक्ष्मीची पूजा होत होती! पाश्चात्त्यांनी ही मूर्ती गुप्त खोलीत लपवून ठेवली! आपली लक्ष्मी परत आणा! अभिमान असेल तर शेअर करा!"

मोजून चार उद्गारचिन्हं. शेवटच्या वाक्यात तर धमकीच आहे. शेअर नाही केलं तर तुम्हाला अभिमान नाही.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. शिकवलेलं बरंचसं विसरलो, पण आमच्या सरांचा एक प्रश्न डोक्यात पक्का बसलाय: "हे तुला कोणी सांगितलं?" तोच प्रश्न मी त्या अकरा जणांना उलट पाठवला. नऊ जणांनी निळी टिक दाखवून गप्प बसणं पसंत केलं. एकाने हात जोडलेला इमोजी पाठवला. मावसभावाने लिहिलं, "तू कायम निगेटिव्हच."

बरं, आता पॉझिटिव्ह लिहितो. जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

ती बाई खरी आहे. इटलीत व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी इ.स. ७९ मध्ये फुटला आणि पॉम्पेई हे अख्खं शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात उत्खनन करताना आमेदेओ माइयुरी यांना ही हस्तिदंती बाई सापडली. उंची साधारण २४-२५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर पुस्तकं आहेत, लेख आहेत, इंटरनेटवर शेकडो फोटो आहेत. लपवलेल्या वस्तूचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आला कसा, एवढा साधा प्रश्न अकरातल्या एकालाही पडू नये? "गुप्त खोली" हा शब्द मात्र हवेतून आलेला नाही. त्या संग्रहालयात त्याच नावाचं एक दालन आहे. पॉम्पेईत सापडलेली कामुक चित्रं-शिल्पं तिथे ठेवलेली असतात आणि २००० सालापासून ते सगळ्यांना खुलं आहे. तिकीट काढा, आत जा.

दुसरा मुद्दा पूजेचा. या बाईच्या डोक्यात वरून खाली गेलेलं एक भोक आहे. म्हणजे तिच्यावर काहीतरी बसवलेलं होतं. ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या नाजूक तिवईचा पाय असेल. अभ्यासकांत यावर वाद आहे, पण ती देव्हाऱ्यातली मूर्ती होती असं दाखवणारा पुरावा नाही. लक्ष्मी म्हणायचं तर कमळ कुठाय? दोन बाजूंनी पाणी घालणारे हत्ती कुठायत? माइयुरींनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. नंतरच्या अनेकांनी तिला यक्षी म्हटलं, कोणी नुसतीच नटलेली सुंदर बाई म्हटलं. महालक्ष्मीच्या नावाने आपण आरशाची मूठ फॉरवर्ड करतोय, याचं कोणालाच काही वाटत नाही. उद्या कोणी आपल्या देवीला मूठ म्हटलं तर मात्र मोर्चा निघेल.

आणि तिसरा मुद्दा, जो त्या मेसेजमध्ये नाहीच. तोच खरा आपला आहे.

या बाईची बहीण आपल्या शेजारी आहे. तेरला. धाराशिवहून अर्ध्या-पाऊण तासावर, तेरणा नदीच्या काठी. त्याच वळणाची, तशाच दागिन्यांची हस्तिदंती बाई तेरच्या मातीत सापडली आणि तिथल्याच लामतुरे संग्रहात आली. अशीच आणखी एक, तुटलेल्या अवस्थेतली, जालना जिल्ह्यात भोकरदनला १९७०च्या दशकातल्या उत्खननात मिळाली. म्हणूनच बरेच अभ्यासक म्हणतात की पॉम्पेईची बाई आपल्याकडच्या, सातवाहनांच्या मुलखातल्या कारागिराच्या हातची असावी. काही जण मान्य करत नाहीत. तिच्या पायथ्याशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. वाद चालू आहे, चालू राहो. पण भोकरदन, तेर ही नावं जगातल्या विद्वानांच्या भांडणात येतात आणि धाराशिव, बार्शी, लातूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत येत नाहीत, ही काय तऱ्हा आहे?

मागच्या मंगळवारी धाराशिवला एका बैठकीच्या बातमीसाठी गेलो होतो. बैठक नेहमीप्रमाणे आटोपली, म्हणजे काहीच न ठरता. परतताना गाडी तेरकडे वळवली. सोबत नववीतला पुतण्या होता. संग्रहालयात आम्ही तासभर होतो, फार तर सव्वा तास. त्या वेळात आत आम्ही दोघंच. यात संग्रहालयाचा काहीच दोष नाही. दारं उघडी होती, वस्तू जागेवर होत्या, नव्हतो ते आपण.

हा संग्रह कोणा राजाने केलेला नाही. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच गृहस्थ. पाऊस पडला की गावाच्या टेकाडांवरून मणी, नाणी, मातीची खेळणी वर यायची, पोरं खेळायला घ्यायची, हरवून टाकायची. या माणसाने ते गोळा करायला सुरुवात केली आणि आयुष्यभर केलं. कुठली पदवी नाही, कुठलं अनुदान नाही. आज त्यांच्या नावाने शासनाचं संग्रहालय उभं आहे. हस्तिदंत आहे, शंखाच्या बांगड्या आहेत, मण्यांचे तर ढीग आहेत. अकीक, कार्नेलियन, काच, आणि काही इतके बारीक की त्यात दोरा कसा ओवला असेल हा प्रश्न पडावा.

पुतण्या सगळ्यात जास्त रेंगाळला तो पांढऱ्या मातीच्या मुंडक्यांपाशी. या मातीला केओलिन म्हणतात. बोटभर उंचीच्या बायका, त्यांच्या केसांच्या त्या भारी रचना, कानांतली मोठी कुंडलं. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्यात काढायचा आणि ओल्या मातीने दोन्ही जोडायचे. दोन साच्यांची ही रीत रोमन लोकांकडून आपल्याकडे आली असावी असं तज्ज्ञ सांगतात. तिथेच मातीचे दिवे आहेत, ते रोमन दिव्यांच्या घाटावर घडवलेले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या कुंभाराने परदेशी माल बघितला, हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाला असेल, "एवढंच ना? हे मीपण करतो." त्याच तेरमध्ये पुढे तेराव्या शतकात गोरोबाकाका कुंभार झाले. थापटणं हातात घेऊन संतांच्या डोक्यावर टकटक करणारे, कोणाचं मडकं पक्कं आणि कोणाचं कच्चं ते सांगणारे. या फॉरवर्डवाल्यांच्या रांगेतून काकांना एकदा थापटणं घेऊन फिरवायला हवं.

तेवढ्यात पुतण्याने विचारलं, "काका, पण मग आपण त्यांना काय विकायचो?"

याचं उत्तर एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात आहे. पहिल्या शतकातल्या कोणा व्यापाऱ्याने लिहिलेलं प्रवासवर्णन, 'पेरिप्लस' नावाने ओळखलं जातं. लेखकाचं नाव कोणालाच माहीत नाही, पण त्याला आपलं तेर माहीत होतं. तो त्याला 'तगर' म्हणतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर फार मोठं शहर, असं सांगतो. तिथून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला. सोपारा, कल्याण, चौल ही नावंही त्याच पुस्तकात आहेत. बैलगाड्यांची ती वाट मनात आणा. तेर ते पैठण दहा दिवस, पैठण ते भडोच आणखी वीस. महिनाभर चाक कुरकुरतंय. मग समुद्र, मग इजिप्तचं वाळवंट, मग नाईल नदी, मग पुन्हा समुद्र. आणि शेवटी कुठल्यातरी रोमन बाईच्या अंगावर आपल्या विणकराची मलमल. हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. हा प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला. म्हणजे तो आणि ती हस्तिदंती बाई, दोघंही एकाच राखेत गेले.

आता "परत आणा"वाल्यांना सांगतो. ती बाई चोरून नेलेली नाही हो. ती विकली गेली! आपल्या माणसाने घडवली, आपल्या व्यापाऱ्याने भाव केला, पैसे मोजून घेतले आणि पाठवली. विकलेलं परत मागणाऱ्याला बाजारात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. लुटलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी. आपल्या देवळांतून चोरलेल्या मूर्ती परदेशातल्या संग्रहालयांत निघाल्या, कित्येक परतही आल्या, आणि उरलेल्यांसाठी भांडलंच पाहिजे. पण उठसूट सगळ्यालाच लूट म्हटलं की खऱ्या लुटीची केस पातळ होते. आणि हाच हिशेब लावायचा तर कोल्हापूरला काय सांगणार? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात पोसायडन निघाला, ग्रीकांचा समुद्रदेव, काशाचा, छोटासा, डौलदार. तो आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची शान आहे. तो द्यायचा का परत? कोणाला? माझं मत विचाराल तर अजिबात द्यायचा नाही. तो कोल्हापूरकरांनी दाम मोजून आणलेला आहे आणि इथल्या मातीत दीड-दोन हजार वर्षं राहून तो इथलाच झालाय.

आणखी एक. कार्ल्याच्या लेण्यात जा, खांबांवरचे लेख बघा. धेनुकाकटच्या यवनांनी ते खांब दान दिलेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. यवन म्हणजे तेव्हा ग्रीक, पश्चिमेकडून आलेले लोक. आपल्या ग्रुपवर हा शब्द ज्या अर्थाने आणि ज्या लोकांसाठी वापरतात तो अर्थ तेव्हा जन्मालाही आला नव्हता. ही माणसं व्यापाराला आली, इथे रमली, बुद्धाच्या भिक्खूंसाठी दगडात पैसा घातला. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचंच बघा. विटांचं, मागची बाजू नालेसारखी गोल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं असं बरेच अभ्यासक मानतात. आज आत विष्णू आहे आणि गावकरी श्रद्धेने दर्शन घेतात. तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात हे तुम्ही ऐकलं असेल, पण त्या विटांखाली किती थर आहेत ते ऐकायची आपली तयारी नसते. आपल्याला एकाच रंगाचा इतिहास हवाय, उद्गारचिन्हासकट.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्यावर येतो.

आपल्याकडे गावाला 'काळी' आणि 'पांढरी' असते. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. जुनी वस्ती मोडून, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी असं हजारो वर्षं साचून जे टेकाड होतं ते पांढरीचं टेकाड. लामतुरेंचा सगळा संग्रह असल्याच टेकाडांतून आला. अशी टेकाडं फक्त तेरला नाहीत. आपल्या तालुक्यात आहेत, शेजारच्या तालुक्यात आहेत. आणि गेल्या काही वर्षांत ती जेसीबीने उचलली जातायत. रात्री. ट्रॅक्टरची खेप ठरलेली आहे. माती काही शेतात खत म्हणून जाते, काही नव्या प्लॉटिंगमध्ये भरावाला. मी स्वतः एका ठिकाणी कडेला उभं राहून बघितलंय. अर्धं टेकाड सुरीने केक कापावा तसं कापलेलं आणि कापलेल्या भिंतीत थरावर थर स्पष्ट दिसतायत. राखेचा थर, खापरांचा थर, विटांची ओळ, पुन्हा राख. खाली सांडलेल्या मातीत शंखाच्या बांगडीचे तुकडे. जागेचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की उद्या तिथे मणी वेचणारे दलाल पोचतील. आठवडी बाजारात 'जुने मणी' म्हणून मूठभर पुड्या मिळतात, त्या येतात कुठून असं तुम्हाला वाटतं?

इथे एक फरक करतो. माळवदावर टाकायला चार पाट्या पांढरी माती नेणारी आजी आणि रात्रीत चाळीस खेपा मारणारा ठेकेदार यांना मी एका तागडीत तोलत नाही. आजीला दुसरी माती परवडत नव्हती. ठेकेदाराला दुसरी माती परवडते, पण तिची रॉयल्टी भरावी लागते.

कायदा नाही असंही नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खासगीत देशाबाहेर नेता येत नाहीत. हे कायदे तहसीलमध्ये कोणाला सांगितले तर बघणारा माणूस आधी तुमच्याकडे बघतो.

आणि हसावं की रडावं ते सांगतो. मला "आपली लक्ष्मी परत आणा" पाठवणाऱ्या अकरा जणांपैकी एकाचे दोन ट्रॅक्टर आहेत. ते कुठे चालतात हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. नेपल्सच्या काचेच्या पेटीत सुरक्षित असलेल्या बाईसाठी याचा ऊर भरून येतो आणि तिच्या इथल्या बहिणी कदाचित याच्याच ट्रॉलीत, मुरमाखाली दबून, कुठल्यातरी बंगल्याच्या पायात जातात. यापुढे मला अभिमानाचे मेसेज पाठवू नकोस राजा. खेपांची पावती पाठव.

हल्ली अधूनमधून असाही सूर ऐकू येतो की तेरसारख्या गावात एवढ्या मोलाच्या वस्तू ठेवायच्याच कशाला, मुंबईला किंवा संभाजीनगरला न्या, लोक तरी बघतील. याला माझा साफ विरोध आहे. ज्या टेकाडातून मणी आला ते टेकाड संग्रहालयाच्या दारातून चालत जाऊन बघता येतं, ही चैन मुंबईला मिळणार नाही. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट इथल्या संग्रहात आहे आणि ते मंदिर याच गावात आहे. चौकट बघायची, मग मंदिरापाशी जाऊन ती कुठे बसत असेल याचा अंदाज घ्यायचा. पुतण्याने तेच केलं. हाताने हवेत माप घेत होता. असा धडा कुठल्या पुस्तकात आहे? वस्तू गावातून उचलली की गावाचं तिच्याकडे लक्ष राहत नाही आणि मग टेकाडावर जेसीबी चढला तरी कोणी हटकत नाही. तेरला निदान हटकणारी माणसं आहेत, कारण लामतुरेंनी दोन पिढ्यांना दाखवून ठेवलंय की हे आपलं आहे.

शाळांचं काय सांगावं? एका शाळेला मी सुचवलं, यंदा सहल तेरला न्या. उत्तर मिळालं, "सर, पालक म्हणतात वॉटरपार्क असेल तरच पैसे देऊ." पालकहो, वॉटरपार्कला न्या, पोरांनी भिजलंच पाहिजे. पण सव्वा तास तेरसाठी काढता येतो. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी.

माझ्या मागण्या तीनच आहेत आणि त्या मी उद्या लेखी देतोय. आपल्या तालुक्यातल्या पांढरीच्या टेकाडांची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. तिथून माती उचलायला बंदी आहे हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. आणि रात्री खेप दिसली तर तक्रार कोणाकडे करायची तो एक फोन नंबर द्या, जो उचलला जातो. निवेदनावर सह्या हव्या आहेत. सोमवारी संध्याकाळी पाचनंतर मी बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर कागद घेऊन बसलेला असेन. दोन ट्रॅक्टरवाल्याने सही केली तरी चालेल, त्याला चहा माझ्याकडून.

शेतात काही सापडलं तर धुऊ नका, घासू नका, सराफाला दाखवू नका. आधी आहे तिथेच फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि तहसीलला लेखी कळवून पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, तिथल्या टेबलांवर कागद हरवायला दोन हजार वर्षं लागत नाहीत.

येत्या रविवारी पुतण्याचे चार मित्र आणि मी पुन्हा तेरला जातोय. गाडीत दोन जागा आहेत, बाकीच्यांनी आपापल्या मोटारसायकली काढाव्यात. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार मी फोन करून खात्री करून घेतो आणि इथेच कमेंटमध्ये टाकतो. मावसभावा, तुझी जागा धरून ठेवलीय.